ड्रमवरची प्रश्नचिन्हं

शैला,

तुझ्या नंबरवरून फोन आला, म्हणून मी नेहमीसारखी "बोल गं बये" म्हणतच उचलला. पलीकडं तुझे दीर होते. "ताई..." एवढंच म्हणाले, पुढं त्यांना बोलता येईना. मी दौंडच्या स्टँडवर उभी होते. कुरकुंभची गाडी समोर लागली होती आणि कंडक्टर "चला, कारखानावाले बसा" म्हणून ओरडत होता. मी बसले नाही. गाडी गेली, तिच्या मागची गेली. मग एका बाईनं विचारलं, "काय झालं गं पोरी?" तिला काय सांगणार? "माझी मैत्रीण गेली" म्हणाले. तिनं मला हाताला धरून बाकड्यावर बसवलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. तुला अशी माणसं फार आवडायची, म्हणून सांगते.

तू जाणार हे काही अचानक नव्हतं. हॉस्पिटलात शेवटची भेटले तेव्हा तुझा हात हातात घेतला तर बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. तरी तू उशीला टेकून मला काय सांगितलंस? "रंजे, हितल्या कॉम्प्युटरवर माझं नाव 'शिला' टाकलंय. दगुड करून टाकला माझा!" आणि हसायला लागलीस. मीही हसले. बाहेर येऊन भिंतीला टेकले, ते वेगळं.

तुझं जन्मगाव, शिक्षण, पश्चात परिवार ही माहिती दुसऱ्या कुणीतरी लिहून पेपरात दिली आहे. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय.

शिरूरच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये आपण दोघी एका मशीनवर आलो ते हजेरीत नावं लागून होती म्हणून. तू कवठे येमाईची, बागायतदाराच्या घरातली. मी दौंडची, रेल्वेत गँगमन असलेल्या बापाची, बौद्ध वस्तीतली, शिरूरला मावशीकडं राहून शिकणारी. पहिल्याच आठवड्यात तू तुझा डबा माझ्यापुढं सरकवलास आणि माझ्या डब्यातलं कालवण न विचारता बोटानं चाखून "तुझ्या मावशीला इचार गं, ह्यात काय टाकलंय" म्हणालीस. त्या वर्गात ही साधी गोष्ट नव्हती. मागच्या बाकावरच्या दोघी एकमेकींकडं बघत होत्या. तुला ते दिसलंच नाही. दिसलं असतं तरी तू काही वेगळं केलं नसतंस, हे मला पुढं कळलं.

सी ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकताना मी पुस्तक वाचायचे आणि तू बोटं चालवायचीस. प्रोग्राम अडला की मी पानं उलटायला लागायचे. तू मध्येच दोन ओळी टाकायचीस आणि मशीनकडूनच काढून घ्यायचीस, की बाबा, या क्षणी तुझ्याकडं ह्या नावाखाली कुठला आकडा आहे. "पुस्तकवाल्यानं आपलं मशीन बघितलंय का?" म्हणायचीस. सर वैतागायचे. परीक्षेत मला जास्त मार्क पडायचे आणि प्रोग्राम तुझे चालायचे.

कॉलेज संपल्यावर तुझं लग्न शिरूरमध्येच झालं आणि तू त्याच लॅबमध्ये शिकवायला लागलीस. मी कुरकुंभच्या वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्यात कॉम्प्युटर विभागात लागले. दोघींच्या मध्ये चौफुला, न्हावरा आणि खड्ड्यांचा रस्ता आला. फोन महाग होते. पण आपण बोलायचो.

आता त्या दिवसाचं सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी सांगते, कारण तो दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस होता आणि तो तू दिलास.

आमच्या कारखान्यात पांढऱ्या पावडरीचे ड्रम भरले जायचे. त्यातल्या एका मालाला पाणी लागलं की तो तापायचा, धूर सोडायचा. ड्रमवर लेबल असायचं ते इंग्रजीत. भरणाऱ्यांमध्ये वरवंड-पाटसकडची माणसं होती, काही बिहारची होती. मी लागायच्या आधी तिथं राजेंदर नावाच्या एकानं सांडलेली पावडर सवयीनं पाण्याच्या पायपानं धुवायला घेतली होती आणि त्याचा हात भाजला होता. मी त्याला बघितलं तेव्हा त्याची दोन बोटं नीट मिटत नव्हती. तो हिंदी पेपर वाचायचा, शैला. म्हणजे त्याला देवनागरी येत होती. लेबलावर देवनागरी असती तर?

मी सेफ्टीच्या साहेबांना विचारलं, लेबलावर मराठीही घालू का? ते चांगले होते, हो म्हणाले. मी सीमध्ये प्रोग्राम लिहिला. कारखान्याच्या लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर तो बसवला. रोज पहिल्या पाळीच्या आधी मशीननं आपणहून तो चालवायचा आणि त्या दिवसाची लेबलं छापून तयार ठेवायची, अशी योजना. मी स्वतः चालवून बघितला तेव्हा लेबल इतकं सुरेख आलं की मी ते पर्समध्ये घालून घरी नेलं आणि आईला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विभागात पोचले तर दारात आबा उभे. ड्रम भरणाऱ्यांतले सगळ्यात जुने, वरवंडचे. तू त्यांना भेटलीस नंतर. त्यांच्या हातात लेबल होतं. वरती इंग्रजी नीट, आणि खाली जिथं मराठी यायला हवं तिथं नुसती प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं.

"ताई, ह्ये आमालाच परश्न इचारलेत व्हय?" आबा म्हणाले.

मी प्रोग्राम हातानं चालवला. सुरेख आला. परत सकाळी, परत प्रश्नचिन्हं. मी काय काय बदललं ते आता आठवतही नाही. वर्क्स मॅनेजर आले, त्यांनी लेबल बोटाच्या चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, ही हौस बास झाली. सोमवारच्या मीटिंगपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर इंग्रजीच राहू दे. सुपरवायझर आहेत की समजावून सांगायला." राजेंदरच्या पाळीलाही सुपरवायझर होताच. हे मी म्हणाले नाही.

गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, फ्लॉपी घेऊन मी शिरूरला आले. तुझ्या लॅबमध्ये आपण प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर देवनागरी अगदी स्वच्छ उमटली. मी रडकुंडीला आले. तुझ्याकडं चूक दिसलीच नाही तर तू शोधणार काय? तू खुर्ची फिरवलीस आणि माझ्याकडं बघत बसलीस.

"रंजे, ह्येला हितं काय झालेलंच न्हाई. आजारी माणूस घरी ठिवून तू डॉक्टरकडं त्याचं धोतार घिऊन आलीयास. मी येते तिकडं."

"तू? कारखान्यात?"

"का? कारखाना मला खातोय का?"

तुझ्या सासूबाईंनी विचारलं, शिकवणाऱ्या बाईचं कारखान्यात काय काम. त्या काळी तुझ्या घरात तुझी नोकरीच कशीबशी खपत होती, हे मला माहीत होतं. तू नोकरी सोडावी असं रोज एकदा तरी निघायचं. तू म्हणालीस, "आत्या, मैतरणीचं मशीन आजारी हाय." त्यांनी काय समजून घेतलं कुणास ठाऊक, पण सकाळी निघताना त्यांनीच दोघींना पुरेल एवढ्या भाकऱ्या बांधून दिल्या. त्यांचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. परवा त्यांच्या पायाशी बसले तेव्हाही बोलता आलं नाही.

तू काठाला चिखल लागलेली पिवळी साडी नेसून, दोन एस.टी. बदलून गेटवर आलीस. वॉचमननं पासासाठी विचारलं, "कुणाला भेटायचंय?" तू म्हणालीस, "मशीनला." त्यानं ते तसंच लिहिलं. मी तुला आत न्यायला आले तेव्हा तो मला म्हणाला, "मॅडम, तुमचे पाहुणे लई इनोदी आहेत."

मशीनपुढं बसून तू प्रोग्रामकडं बघितलंसुद्धा नाहीस. मला राग आला होता, आता सांगते. मी इतक्या ओळी लिहिलेल्या, आणि तू हात बांधून बसलेली.

"सकाळी ह्येला कोण चालवतं?" तू विचारलंस.

"कोणी नाही. मशीन आपोआप चालवतं."

"आन् नीट येतं तवा?"

"तेव्हा मी चालवते."

"मंग फरक तुझ्यात हाय. प्रोग्रामात न्हाई."

ही ओळ मी नंतर कितीतरी नव्या मुलांना सांगितली आहे. तुझं नाव घेऊन.

हे पत्र उद्या कुणी तिसऱ्यानं वाचलं तर त्याला कळावं म्हणून थोडं लिहिते. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठल्या अक्षराला कुठला आकडा द्यायचा याच्या ठरलेल्या पद्धती असतात, त्यांना एन्कोडिंग म्हणतात. एक जुनी पद्धत फक्त इंग्रजीपुरती आहे, तिच्यात देवनागरीला जागाच नाही. एक नवी आहे, यूटीएफ-एट, तिच्यात सगळ्या भाषा बसतात. मशीननं कुठली पद्धत धरून वागायचं हे 'लोकेल' नावाच्या सेटिंगवरून ठरतं. म्हणजे आपण कुठल्या मुलखात, कुठल्या भाषेत आहोत असं समजायचं, ते. सीमधला प्रोग्राम सुरू होतो तेव्हा त्याला यातलं काही ठाऊक नसतं. त्यानं आधी एका फंक्शननं आजूबाजूची सेटिंग उचलायची असते. मग दुसऱ्या एका फंक्शनला विचारता येतं, की आता, इथं, अक्षरांची पद्धत कुठली चालू आहे? ते नुसतं नाव सांगतं.

तू एवढंच लिहिलंस. सेटिंग उचल, नाव विचार, छाप. चार-पाच ओळींचा प्रोग्राम. तो हातानं चालवला. उत्तर आलं, यूटीएफ-एट.

"हां," तू म्हणालीस. "आता हाच ह्येच्या मनानं चालू दे." आणि तो मशीनच्या वेळापत्रकात घातलास, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या वेळेला. "चल, भाकरी खाऊ."

कँटीनमध्ये आबा येऊन आपल्या टेबलाशी बसले. प्रश्नचिन्हांचं औषध करायला शिरूरहून बाई आल्या आहेत ही बातमी पोचली होती. तू त्यांना गाव विचारलंस, पाणी किती लागतं विचारलंस, ऊस की कांदा विचारलंस. मग पिशवीतून मी दिलेलं नमुन्याचं चांगलं लेबल काढून वाचलंस, आणि तिथं आपलं भांडण झालं.

मी लिहिलं होतं, "जलसंपर्क टाळावा."

"ह्ये कुणासाठी लिवलंय?" तू विचारलंस. "न्यायाधीशासाठी?"

मी म्हणाले, कारखान्याचा कागद आहे, शुद्धच लिहायला हवं.

"'पाणी लावू नगा' लिव की. आबा, बराबर का न्हाई?"

आबांनी भाकरीकडं बघितलं. शहाणे होते. दोन बायांच्या मध्ये पडले नाहीत.

"तसं लिहिलं तर साहेब हसतील," मी म्हणाले.

"हसू दे. आपून असंच बोलतो."

आणि मी टेबलावर हात आपटला. कँटीनमधली माणसं बघायला लागली. "तू बोलतेस," मी म्हणाले. "तू बोललीस की लोक म्हणतात, बागायतदाराची पोर, काय ठसका आहे. मी 'न्हाई' म्हणाले की लोक माझी वस्ती ओळखतात. तोंडी परीक्षेला मी 'त्ये फंक्शन' म्हणाले तेव्हा सगळे हसले होते, तू शेजारीच उभी होतीस. तू आत जाऊन तसंच बोललीस, कोणी हसलं नाही. मी रेडिओवरच्या बातम्या ऐकून ऐकून हे बोलणं कमावलंय, शैला. ते मी लेबलावरसुद्धा सोडणार नाही."

आबांनी आपल्या ताटातली मिरची तुझ्या ताटात ठेवली आणि उठून गेले.

आपण विभागात परतलो. तू माझ्याकडं न बघता पडद्याकडं बघत होतीस. ठरलेली वेळ झाली, मशीननं आपणहून तुझा छोटा प्रोग्राम चालवला आणि उत्तर फाइलमध्ये आलं. मी उघडलं. यूटीएफ-एट नव्हतं. एक लांबलचक नाव होतं, ए.एन.एस.आय.नं सुरू होणारं, आणि शेवटी एकोणीसशे अडुसष्ट.

"ह्ये काय गं?" तू पुढं वाकलीस.

"जुनी पद्धत. इंग्रजीपुरती."

"अडुसष्ट!" तू ओरडलीस. "रंजे, आपल्या जन्माच्या आदीचं हाय ह्ये!" आणि भांडण विसरून माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की चष्मा पडला.

मग सगळं उलगडलं. मी मशीनवर लॉगिन करायचे तेव्हा माझी सेटिंग माझ्याबरोबर यायची आणि प्रोग्रामला ती मिळायची. पहाटे मशीन एकटं उठायचं तेव्हा त्याला कुणीच काही सांगितलेलं नसायचं. मग ते आपलं जुनं, इंग्रजीपुरतं धरून चालायचं, आणि ज्या अक्षराला जागा नाही तिथं प्रश्नचिन्ह ठेवायचं. माझ्या ओळींमध्ये काही चूक नव्हती. वेळापत्रकात एक ओळ घालायची, की बाबा, तू मराठी मुलखातला, यूटीएफ-एटवाला आहेस. झालं.

मी ती ओळ घातली आणि उठले. तू उठली नाहीस.

"आता तुझ्या मोठ्या प्रोग्रामात बी सुरुवातीला इचार," म्हणालीस. "आन् उत्तर यूटीएफ-एट आलं न्हाई तर छापूच नको. थांब, आन् ओरड."

मी म्हणाले, ओळ घातली ना, आता कशाला. आणि लेबलं थांबली तर माल थांबेल, माल थांबला तर वर्क्स मॅनेजर मला उभी चिरतील.

"चिरू दे. उद्या कुणी मशीन बदललं तर? तू सुट्टीवर असशील तर? प्रश्नचिन्हाचं लेबल लावून ड्रम भायेर जाणार. त्यापरीस बिनलेबलाचा ड्रम हितंच बसून ऱ्हाईला तर बरा. त्येला कुणी हात तरी लावणार न्हाई."

वर्क्स मॅनेजर नेमके तेव्हाच आत आले. तू उठून उभी राहिलीस, पदर खोचलास आणि त्यांना तेच, त्याच बोलीत, जसंच्या तसं सांगितलंस. मी जमिनीकडं बघत होते. आता हे हसणार, असं मला वाटत होतं. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "राजेंदरचा हात भाजला तेव्हा लेबल होतं ना?" मी म्हणाले, होतं सर, इंग्रजीत. त्यांनी पडद्यावरचं ते लांबलचक नाव वाचलं. मग म्हणाले, "थांबू दे. ओरडू दे." सोमवारच्या मीटिंगची गरजच उरली नाही.

त्या संध्याकाळी चौफुल्याला तुझ्या गाडीची वाट बघत आपण उभ्या होतो. तू म्हणालीस, "मला त्ये कळलंच नव्हतं गं. तोंडी परीक्षेचं. मला वाटलं व्हतं, तू बोलणं बदललंस ते शाळंत मास्तरीण व्हायला." मी म्हणाले, जाऊ दे. तू म्हणालीस, "जाऊ कसं दिऊ? पण लेबल मातर तुझं चुकतंयच." आणि गाडी आली.

लेबलावर शेवटी "पाणी लावू नका" असं गेलं. तुझंही नाही, माझंही नाही. आपण दोघीही त्यावर खूश नव्हतो. ते भांडण तू पुढं वर्षानुवर्षं चालवलंस. मध्येच फोन करायचीस आणि 'नमस्कार'सुद्धा न करता, "आज लॅबच्या दारावर 'पादत्राणे काढावीत' लिवलंय, मी खोडून 'चपला काढा' केलं," असं सांगायचीस. मी म्हणायचे, पादत्राणेच बरोबर आहे. खरं तर मलाही चपलाच आवडल्या होत्या, पण तुला ते मिळू द्यायचं नव्हतं. एकदा तू म्हणालीस, "माझ्यासंगट तरी तुझ्या घरच्यासारखं बोल." मी म्हणाले, आता ते घरही माझ्यासारखंच बोलतं. कोण बरोबर होतं? मला वाटतं, मी जे सोसलं ते खरं होतं, आणि तू जे म्हणत होतीस तेही खोटं नव्हतं. दोन्ही एका लेबलावर बसवायची रीत आपल्याला सापडली नाही. आता तू नाहीस, तर हे भांडण मी कुणाशी करू? दुसऱ्या कुणाला तो हक्कच नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली. तू बोलायला लागलीस की मला माझी आई ऐकू यायची. वस्तीतली, चुलीपुढची, मला शाळेला हाक मारणारी. म्हणून मी तुझ्यावर चिडायचे, आणि म्हणूनच परत परत फोन करायचे. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या वर्षांत तुझा फोन ठेवला की मला बरं वाटायचं. कशामुळं, ते मी तुला सांगितलं नाही.

तू म्हणाली होतीस, उद्या कुणी मशीन बदललं तर. बदललं की. बाहेरची मंडळी आली, नवीन मशीन बसवून गेली, आणि त्यावर मराठीची सेटिंग घालायची राहून गेली. मी त्या सकाळी दौंडहून निघतच होते तेव्हा सुपरवायझरचा फोन आला, लेबलं आलेली नाहीत, पडद्यावर काहीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ड्रम ओळीनं उभे आहेत, डिस्पॅचवाले शिव्या घालतायत. मी पोचले तर पडद्यावर मी आणि तू मिळून लिहिलेली ओळ होती, की या मशीनला मराठी अक्षरं येत नाहीत, लेबल छापणार नाही. आबा तेव्हा निवृत्तीला आले होते. ते ड्रमपुढं हाताची घडी घालून उभे होते आणि कुणाला हात लावू देत नव्हते. मला म्हणाले, "त्या शिरूरच्या बाईंनी सांगितलं व्हतं, थांबलं की थांबायचं." तू त्यांना कधी सांगितलंस हे मला आजही माहीत नाही. त्या संध्याकाळी निघताना मी तुझा पास परत द्यायला थांबले होते, तेव्हाच बहुतेक.

सेटिंग घातली, लेबलं आली, सगळे कामाला लागले. दुपारी मी तुला फोन केला. तुझ्या तपासण्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, ते तू मला तेव्हा सांगितलं नव्हतंस.

"थांबलं का?" तू विचारलंस.

"थांबलं."

"वरडलं का?"

"स्क्रीनभर."

तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मागून तुझ्या यजमानांचा आवाज आला, अगं हळू. त्या दिवशी मी तुला "थँक्यू" म्हणाले. आपल्यात ते शब्द कधी नव्हते. तू म्हणालीस, "रेडिओवाली बाई, फोन ठिव." ते थँक्यू पुरेसं नव्हतं. हे सगळं लिहिल्यावरही पुरेसं होत नाहीये. त्या कारखान्यात मी ताठ उभी राहायला शिकले ती तुझ्यामुळं. त्यानंतर कुणाचा हात भाजला नाही. ते एकट्या लेबलामुळं असं मी म्हणणार नाही, पण लेबल तिथं होतं, आणि वाचता येत होतं.

दहाव्याला घोडनदीच्या काठावर मी आले होते. मागं उभी होते. विधी चालू असताना तुझ्या कॉलेजचे प्राचार्य माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, मॅडम, मुलांचं सत्र अर्धवट राहिलंय, आठवड्यातून एक दिवस येता येईल का? मी कारखान्यात विचारलं. हो म्हणाले.

काल मी तुझा पहिला तास घेतला. लॅब अजून तशीच आहे, खिडकीची एक काच नाही, मशीनं मात्र नवी. मुलं उभी राहिली. मी "बसा" म्हणाले आणि फळ्याकडं वळले, तर फळ्यावर कोपऱ्यात तुझं अक्षर होतं. अर्धा प्रोग्राम. कुणी पुसला नव्हता. मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. पुढच्या बाकावरची एक मुलगी, न्हावऱ्याकडची, उठली, तिनं खुर्ची ओढून माझ्यामागं ठेवली आणि म्हणाली, "बसा मॅडम. त्यांना बी शेवटी शेवटी बसूनच शिकवावं लागायचं."

मी बसले. शिकवायचं काहीच झालं नाही. मुलंच बोलत राहिली. तू कुणाला मशीनला लाथ घालू नको म्हणून कशी रागावलीस, कुणाच्या घरी जाऊन पोरीचं लग्न पुढं ढकलायला लावलंस, कुणाची फी माफ करून घेण्यासाठी प्राचार्यांच्या दारात कशी बसून राहिलीस. मला यातलं काही माहीत नव्हतं. तू कधी सांगितलंच नाहीस. मला वाटत होतं, तुला सगळ्यात जास्त मी ओळखते.

मध्येच वीज गेली. लोडशेडिंगची वेळ. मशीनं एकदम बंद पडली, पंखा हळूहळू थांबला. बाहेर घंटा झाली, तास संपला. व्हरांड्यातून दुसऱ्या वर्गाची मुलं धावत गेली.

आमच्यातलं कुणी उठलं नाही.

— रंजना